कापड आधी, कागद नंतर: फॅशन इलस्ट्रेशनसाठी तंत्र आणि रंग कसे शोधायचे

फॅशन इलस्ट्रेशन शिकणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये जतन केलेल्या चित्रांचा ढीग असतो, आणि तरीही कोरा कागद समोर आला की हात थबकतो. त्या ढिगातलं प्रत्येक चित्र कुणीतरी एखादं खरं कापड डोळ्यांसमोर ठेवून काढलेलं असतं. आपण मात्र कापड न पाहता चित्रावरून चित्र काढायला बसतो. मग रेषाही त्यांचीच येते, रंगही त्यांचेच येतात आणि नाकीडोळीसुद्धा.

माझ्या मते या कामात सुरुवात कापडापासूनच व्हायला हवी. कोणतं माध्यम घ्यायचं, रेषा जाड की बारीक, रंग सपाट भरायचा की ओला सोडायचा, हे कापड स्वतःच सांगतं. रंगांचं प्रमाणसुद्धा तेच सांगतं. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. उदाहरणं मुख्यतः इरकल, पैठणी आणि खण यांची घेतली आहेत, कारण आईच्या किंवा आजीच्या कपाटात त्यातलं काहीतरी सापडतंच. डेनिमचं जॅकेट किंवा लिननचा कुर्ता घेतलात तरी पायऱ्या याच राहतील.

कपाटातून एकच कापड काढा

एकच. पाच काढलीत तर पाचही नुसती चाळून होतील. ते खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात खुर्चीच्या पाठीवर टाका. ट्यूबलाइटखाली रेशमाची चमक सपाट होते आणि रंगही फसवे दिसतात. पहिली दहा मिनिटं पेन्सिल उचलू नका. कापड एका टोकाला धरून लोंबू द्या, मुठीत चुरगाळून सोडा, पुन्हा खुर्चीवर टाका. चुणी कुठे मोडते, उजेड कुठे थांबतो आणि कडा सरळ उतरते की वळते, याची वहीत साध्या शब्दांत नोंद करा.

इरकल घेतलीत तर एकाच साडीत दोन स्वभाव दिसतील. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला विणल्या जाणाऱ्या पारंपरिक साडीत अंग सुती आणि पदर रेशमी असतो. अंगाचा आणि पदराचा ताणा (उभे धागे) वेगवेगळा असतो आणि तो कोंडी पद्धतीने, धाग्यांची वेटोळी एकमेकांत अडकवून, जोडलेला असतो. सुती अंगाच्या घड्या बारीक, टोकदार असतात आणि पडल्या तिथेच बसतात. रेशमी पदर घसरतो आणि त्याच्या चुण्या लांब उतरतात. काठ दाट विणीचा असल्यामुळे तो सहजासहजी वळत नाही. वळलाच तर एकदम, कोन करून वळतो. हे एकदा नजरेत बसलं की अंगाला पेन्सिलची तुटक रेष, पदराला ओला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) आणि काठाला ठाम, न थरथरणारी रेष हे आपोआप ठरतं. तंत्राची प्रेरणा शोधायची म्हणतात ती ही.

मग काड्यापेटीएवढ्या आकाराचे चौकोन आखा आणि प्रत्येकात कापडाचा एकच तुकडा काढा: खांद्यावरची वळणं, खुर्चीच्या कोपऱ्यावर पडलेला ताण, जमिनीला टेकलेली कडा. एका चौकोनाला दोन मिनिटांहून जास्त नको. बाई काढायची नाही, चेहरा काढायचा नाही, फक्त कापड. नवशिके चेहऱ्यात अडकतात, पापण्या कोरत बसतात आणि साडी मात्र पुठ्ठ्याची होते. निदान पहिला आठवडा तरी चेहऱ्याला सुट्टी द्या.

कोणत्या कापडाला कोणतं माध्यम

पैठणीचं रेशीम जड असतं. त्याच्या घड्या कमी आणि मोठ्या पडतात, आणि चमकेची कडा स्पष्ट असते. इथे ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, जलरंगाचा कागद घ्या. चमक जिथे आहे तिथे कागद कोराच सोडा आणि रंगाची कडा कोरडी राहू द्या. चमक नंतर पांढऱ्या रंगाने काढू म्हणालात तर रेशीम प्लास्टिकसारखं दिसतं.

शिफॉन किंवा जॉर्जेट असेल तर क्रम उलटा. आधी आतलं अंग, त्वचेचा रंग, आतल्या कपड्याची कडा हे सगळं रंगवून पूर्ण वाळवा. मग वरून अतिशय पातळ एकच थर द्या. कापड दुहेरी होतं तिथे तोच थर पुन्हा एकदा. या थरांतूनच पारदर्शकपणा येतो. त्यासाठी वेगळा रंग लागत नाही.

जाड सुती आणि खादीला खडबडीत कागदावर कोरडा ब्रश किंवा रंगीत पेन्सिल छान बसते. घोंगडीला कोळसा. खणाचं चोळीचं कापड हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यावरची बारीक नक्षी सगळीकडे सारखी असते, आणि ती सगळी काढली की चोळीची गोलाई नाहीशी होऊन तिथे जाळी लावल्यासारखं दिसतं. आधी चोळीचा उजेड-सावलीचा सपाट भाग पोस्टर कलरने रंगवा, वाळू द्या, आणि नक्षी फक्त उजेडातून सावलीत जाणाऱ्या पट्ट्यात काढा. भर उजेडात ती पुसट करा, गडद सावलीत सोडूनच द्या. बघणाऱ्याचा डोळा उरलेली नक्षी स्वतः भरून घेतो.

माध्यमांवर फार खर्च करू नका. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी घेतलेले पोस्टर कलर घरात पडून असतील, तर सपाट रंगासाठी ते पुरेसे आहेत. पैसे घालायचेच तर चांगल्या कागदावर घाला. टॅबलेटवर काम करणाऱ्यांनीही निदान हा सराव कागदावर करावा असं मला मनापासून वाटतं, कारण रंग वाळताना काय होतं हे बोटांना कळल्याशिवाय ब्रशच्या सेटिंग्जमध्ये काय निवडायचं ते कळत नाही.

मोठ्या चित्रकारांकडे पाहताना

आता इतरांची चित्रं उघडा. बघताना प्रश्न एकच: यांनी काय काढलं नाही?

रने ग्रुओ (१९०९–२००४) यांचं नाव फॅशन चित्रांत पहिल्या ओळीत घेतलं जातं. क्रिस्तियां दिओर या फ्रेंच फॅशन डिझायनरसाठी त्यांनी काढलेल्या जाहिराती पाहा. जाड काळी ब्रशची रेष, एखादा सपाट लाल भाग, आणि बाकी कोरा कागद. हातमोज्याची एक बाजू असते, दुसरी नसते. ती आपण मनाने पूर्ण करतो. त्यांचं एक चित्र निवडा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि जिथे रेष थांबते तिथे तिथे ठिपके द्या. ट्रेसिंग काढून फक्त ठिपके बघितलेत की रेष बहुधा उजेडाच्या बाजूला तुटते आणि वजनाच्या बाजूला जाड होते हे ध्यानात येईल. मग हाच नियम घेऊन तुमच्या कपाटातली साडी काढा. ग्रुओंची बाई काढू नका.

त्याआधीच्या पिढीत पॉल पोआरे या पॅरिसच्या ड्रेसमेकरने १९०८ मध्ये पॉल इरिब यांच्याकडून आणि १९११ मध्ये जॉर्ज लपाप यांच्याकडून आपल्या कपड्यांचे चित्रसंग्रह करून घेतले. १९१२ ते १९२५ या काळात निघालेल्या ‘गाझेत द्यू बाँ ताँ’ या मासिकातली चित्रंही त्याच वळणाची. ती पोशवार पद्धतीने रंगवली जात: प्रत्येक रंगासाठी वेगळा स्टेन्सिल कापायचा आणि हाताने रंग भरायचा. दर रंगामागे एक स्टेन्सिल आणि एक हात वाढत असल्यामुळे रंग विचार करूनच वापरावे लागत. तुम्हीही स्वतःवर अशी मर्यादा घाला. एका चित्राला त्वचा धरून पाचच रंग, सगळे सपाट, छटा नाही. साडीची घडी दाखवायची तर त्याच पाचांतला गडद रंग वापरायचा. रंगनिवड शिकायला मला याहून चांगला व्यायाम माहीत नाही.

जिवंत मॉडेल समोर ठेवून काम करणाऱ्यांमध्ये अँटोनियो लोपेझ (१९४३–१९८७) आणि डेव्हिड डाउनटन यांची चित्रं जरूर पाहा. डाउनटन एकाच पोझची अनेक रेखाटनं करतात आणि पुढच्या प्रत्येक रेखाटनात रेषा कमी करत जातात. शेवटचं चित्र सहज वाटतं, पण त्याखाली बरंच काही गाळलेलं असतं.

आपल्याकडचे चित्रकार या यादीत क्वचितच येतात, याची मला खंत वाटते. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) कोल्हापूरचे. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. ऑटो रॉथफिल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांत वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रियांची वेशभूषा आहे. ही चित्रं इंटरनेटवर सहज सापडतात. पदर कुठल्या खांद्यावर, निऱ्या कुठे खोचल्या आहेत, कासोटा किती वर चढला आहे, हे त्यांनी नीट पाहून काढलं आहे. आजच्या फॅशन चित्रात नऊवारी बहुतेक वेळा चुकते ती इथेच. सहावारीच्या निऱ्या काढून मागे एक पट्टा डकवला की नऊवारी होत नाही. कासोट्यामुळे कापड दोन्ही पायांभोवती वेगवेगळं गुंडाळलं जातं, चुण्या पायांच्या मधून मागे ओढल्या जातात आणि गुडघ्याचा आकार दिसतो. धुरंधरांच्या चित्रातल्या चुण्यांना बाण काढून बघा. सगळे बाण ताणाच्या दोन-तीन जागांकडे जातात.

चित्रकार दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तर सोडू नका. वळणदार रेषा आणि सपाट रंग यांचा मेळ त्यांनी मराठी घराघरांत पोचवला.

आणखी एक गोष्ट, प्रमाणाची. माणसाची उंची साधारण साडेसात डोकी असते. फॅशनच्या आकृतीत ती नऊ किंवा दहा डोकी धरतात आणि वाढवलेली लांबी मुख्यतः पायांत जाते. साडीला हे जसंच्या तसं लावलं की निऱ्या पडद्यासारख्या लांबतात. साडीसाठी साडेआठ डोक्यांच्या आसपास राहा.

रंगांचं प्रमाण साडीकडून शिका

रंगनिवडीचे तक्ते, रंगचक्र, पूरक रंग हे सगळं उपयोगी आहे. पण त्यातून कोणता रंग किती हे कळत नाही, आणि चित्र बिघडतं ते बहुधा प्रमाणात. विणकराने तो हिशेब शेकडो वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे. अंगाचा रंग सगळ्यात जास्त, काठ त्याहून बराच कमी, पदर एका बाजूला एकवटलेला, आणि जर किंवा बुट्टी अगदी थोडी, पण सगळीकडे विखुरलेली.

आलेख कागदावर २० चौकोनांची एक पट्टी आखा. साडी घडी करून समोर ठेवा, डोळे किलकिले करा आणि कोणता रंग किती जागा घेतो त्या अंदाजाने चौकोन भरा. एखाद्या इरकलीत १३ चौकोन गर्द निळे, ४ लाल, २ पिवळसर आणि १ पांढरा येईल. ही पट्टी कापून ठेवा. पुढे वेस्टर्न गाऊन काढायचा असला तरी हीच पट्टी वापरता येते: निळा गाऊन, लाल बेल्ट आणि बूट, कानात पांढरा ठिपका. अशा वीसेक पट्ट्या जमल्या की तुमचा स्वतःचा रंगसंग्रह तयार होतो आणि तो दुसऱ्या कुणाकडेही नसतो.

मग रंग कालवण्याचा सराव. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक आणि विक्रेता ज्या नावांनी बोलतात तीच नावं घ्या: आमसुली, अबोली, मोरपंखी, गुलबक्षी, शेवाळी, विटकरी, अंजिरी, केतकी. एकेक रंग ट्यूबमधून कालवून बघा. आमसुलीला क्रिमसनमध्ये बर्न्ट अंबर आणि निळ्याचा एक थेंब. अबोलीला नारिंगीत किंचित गुलाबी आणि पोस्टर कलरचा पांढरा. शेवाळीला हिरव्यात यलो ऑकर आणि कणभर लाल. बाजूला प्रमाण लिहा आणि वाळल्यावर पुन्हा बघा, कारण पोस्टर कलर वाळल्यावर बदलतो आणि जलरंग फिकट होतो.

त्वचेचा रंग आधी ठरवा, कपड्याचा नंतर. परदेशी ट्युटोरियलमधल्या रंगसंगती गुलाबी-गोऱ्या त्वचेच्या शेजारी जुळवलेल्या असतात. सावळ्या किंवा गव्हाळ अंगावर त्याच संगती निर्जीव दिसतात, आणि तिथे हळदी, राणी, शेंदरी, पोपटी असे रंग मात्र खुलतात. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर कालवून एक पट्टा द्या, सावलीसाठी त्यातच थोडा अल्ट्रामरीन घाला. मग प्रत्येक कापडाचा रंग या पट्ट्याला चिकटून लावून बघा. कोऱ्या कागदावर सुंदर दिसलेला बिस्किटी रंग त्वचेशेजारी नाहीसा झाला तर आत्ताच कळेल.

शेजारचा रंग किती खेळ करतो याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कापडाच्या धंद्यातलंच आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या मिशेल यूजेन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी आल्यामुळे तो काळा मळकट दिसत होता. रंग एकमेकांवर कसा परिणाम करतात यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे हाताला कळावं म्हणून संक्रांतीची काळी साडी काढा. काळी साडी आणि पांढरे हलव्याचे दागिने, याहून कठीण आणि याहून छान विषय शोधून सापडणार नाही. ट्यूबमधला काळा थेट वापरू नका, कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर कालवून काळा तयार करा. काठ लाल असेल तर काठाजवळ त्यात निळा किंचित वाढवा, काठ निळा असेल तर अंबर वाढवा. चुण्यांच्या माथ्यावर राखाडी-निळा हलका वॉश राहू द्या आणि तिथे काळा नेऊच नका. हलव्याचे दाणे पांढऱ्याने रंगवायचे नाहीत, कागद सोडायचा. आणि सगळे सोडायचे नाहीत, गळ्याजवळचे सोडायचे, बाकीचे काळ्यात अर्धवट बुडू द्यायचे.

धूपछांव आणि जर

विद्यार्थी सगळ्यात जास्त अडतात ते इथे, म्हणून थोडं जवळून बघू.

धूपछांव कापडात ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, दुसरा असतो, म्हणून कापड वळलं की रंग बदलतो. समजा लाल आणि हिरवा आहे. पॅलेटवर दोन्ही एकत्र केलेत तर चिखल होणार. दोन्ही रंग कागदावर वेगळेच ठेवा. आधी संपूर्ण पदरावर लालचा पातळ वॉश द्या, चमकेच्या जागा सोडा आणि पूर्ण वाळू द्या. मग कापड हातात घेऊन बघा की चुणीच्या कोणत्या बाजूला हिरवा दिसतो. बहुतेक चुण्यांना तो एकाच बाजूला येईल. त्या बाजूला जरा दाट हिरवा एका फटक्यात लावा आणि परत त्यावर ब्रश फिरवू नका. फिरवलात की खालचा लाल उचलला जातो. दोन्ही रंग भेटतात तिथे एक गढूळ बारीक रेष आपोआप येते. ती पुसू नका, तीच चुणीची सावली.

जरीला सोनेरी रंग लावायचा मोह टाळा. सोनेरी शाई हातात धरल्यावर चमकते, पण स्कॅन किंवा फोटोत मळकट तपकिरी येते, आणि आज चित्र पाहिलं जातं ते पडद्यावरच. त्यापेक्षा तीन टप्पे करा. काठावर यलो ऑकरचा सपाट थर. सावलीच्या बाजूला बर्न्ट अंबर, तोही पट्ट्यापट्ट्याने, कारण जर धाग्याधाग्याने चमकते. शेवटी चार-पाच ठिकाणी फिक्या लिंबू रंगाचे ठिपके, आणि त्यांच्या अगदी शेजारी सगळ्यात गडद रेष. उजळ आणि गडद असे खेटून बसले की सोनं दिसतं. पदरावरचा मोर किंवा मुनिया (पोपटाची नक्षी) पूर्ण काढायचा तर एकच काढा. बाकीचे घडीत अर्धे जाऊ द्या.

घराबाहेर कुठे पाहायचं

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथे जुनी वस्त्रं पाहता येतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या मातीच्या बाहुल्या आहेत. पगड्या आणि नेसण्याच्या पद्धती चहूबाजूंनी बघायला त्यांच्यासारखी सोय नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रं आहेत. रविवर्म्यांचं रेशीम छापील चित्रात आणि मूळ तैलचित्रात किती वेगळं दिसतं, ते तिथे उभं राहून बघा.

अजिंठ्याला जाणार असाल तर पहिलं आणि सतरावं लेणं कापडासाठी बघा. पातळ वस्त्र तिथे जवळजवळ काढलेलंच नाही. काठाची एक रेष आणि अंगावरून गेलेले पट्टे एवढ्यावर ते भासतं. शिफॉनची कृती वर सांगितली, तिच्यासाठी हा पक्का धडा आहे. रंगही मोजके: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि मोजक्या ठिकाणी लाजवर्द या दगडाचा निळा. या सहांची पट्टी करून आणा. सोमवारी लेणी बंद असतात. आत उजेड मंद असतो, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत थांबा.

येवल्याला मागावर पैठणी विणताना पाहायला मिळाली तर विणकरांना विचारून बसा आणि विणीत रंग कसे बदलतात ते बघा. लग्नसराईत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा मुंबईत दादरला अर्धा तास उभं राहिलात तर गर्दीतून कोणते दोन रंग सारखे शेजारी येतात ते टिपता येतं. लोकांचे फोटो न विचारता काढू नका. वहीत रंगाचा ठिपका आणि दोन शब्द पुरेत.

चित्र पूर्ण करताना

आता सगळं एकत्र आणा. काड्यापेटीएवढे चार आराखडे काढा, त्यांतला एक निवडा. त्याच्या तीन छोट्या प्रती करून तीन वेगवेगळ्या रंगपट्ट्या लावून बघा. फोनवर त्यांचा कृष्णधवल फोटो घ्या. कपडा, त्वचा आणि मागची जागा एकाच राखाडीत मिसळत असतील तर रंग कितीही सुंदर असले तरी चित्र उठणार नाही, तेव्हा पट्टी बदला. मग मोठ्या कागदावर हलक्या पेन्सिलने आकृती, आधी त्वचा, मग अंग, मग काठ, सगळ्यात शेवटी जर. चेहरा शक्य तितका थोडक्यात.

चित्राच्या मागे किंवा पोर्टफोलिओच्या ओळीत कापडाचं नाव आणि गाव लिहा: ‘इरकल, इळकल’ किंवा ‘पैठणी, येवला’. विणकराचं नाव माहीत असेल आणि त्यांची हरकत नसेल तर तेही. दुसऱ्याच्या फोटोवरून ट्रेस केलेलं चित्र सरावाच्या वहीतच राहू द्या, विकू नका. आणि पानाच्या कोपऱ्यात २० चौकोनांची ती रंगपट्टी चिकटवा. मुलाखतीत समोरचा माणूस आधी चित्र बघतो आणि मग विचारतो की हे रंग कुठून आले. तेव्हा त्या पट्टीवर बोट ठेवून सांगता येतं.